डोंगरउतारावरच्या काळ्या द्राक्षाची जुन्या रीतीची रेड वाइन: आपल्या उन्हात कशी जमवायची?

उतारावरची_बाग (हुक्केरी)

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यात डोंगराच्या उतारावर, लाल मुरमाड जमिनीत, डॉगरिज खुंटावर (कलमाखालचं मूळ) शिराझ ही वाइनची काळी जात लावलेली आहे. वाय (Y) आकाराचा मांडव, ठिबक. यंदा पाच गुंठ्यांतला माल, अंदाजे ४०० किलो, वाइनच्या पहिल्या प्रयोगासाठी बाजूला काढायचा आहे. फळछाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात धरली आहे.

डोळ्यासमोर नमुना आहे तो उत्तर इटलीतल्या वाल्तेलिनाचा. आडा नदीच्या खोऱ्यात आल्प्सचे दक्षिणेकडं तोंड असलेले उतार, त्यावर बिनचुन्याच्या दगडी बांधांच्या पायऱ्या आणि त्यात नेब्बिओलो द्राक्ष, ज्याला तिथं किआवेन्नास्का म्हणतात. अशा डोंगरी गावांतली जुनी रीत साधी आहे. घड हातानं तोडायचे, पायानं तुडवायचे, उघड्या पिंपात सालासकट आंबवायचे, बाहेरचं यीस्ट घालायचं नाही, औषध (गंधक) घालायचं नाही, नंतर लाकडी पिंपात वर्ष-दोन वर्षं मुरवायचं. ही रीत जशीच्या तशी इथं चालेल का? कुठल्या पायरीला काय बदलावं लागेल? शिवाय तिथं द्राक्षं सुकवून ‘स्फोर्झातो’ नावाची दाट वाइन करतात. अथणीकडं बेदाण्याची शेड मिळू शकते, तर तेही जमेल का?

आकड्यांसकट सांगितलंत तर बरं होईल.

---

अथणी_बागायत

दादा, रीत उत्तम आहे, पण ती सगळी थंडीच्या भरवशावर उभी आहे. तिथं तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. घड थंडगार येतो, रस थंड खोलीत आंबतो आणि पुढं हिवाळा लागतो. आपल्याकडं तोडणी फेब्रुवारी-मार्चला, दुपारी ३३-३५ अंश, आणि पुढं एप्रिल-मे. त्यांचा माल थंडीत शिरतो, आपला उन्हाळ्यात. तिथं जे काम हवा करते ते इथं आपल्याला हातानं करावं लागतं. प्रत्येक पायरी या एका नजरेनं तपासा. पिंपाकडचं जाणकार सांगतील, मी बागेचं सांगतो, कारण निम्मी वाइन तिथंच ठरते.

छाटणी थोडी अलीकडं घ्या. शिराझला फळछाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण १५० दिवस धरा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात छाटलं तर माल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, म्हणजे शेवटचे तीन आठवडे तापलेल्या रात्रींत जातात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छाटलं तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोडता येतं, तेव्हा रात्री अजून गार असतात. रात्र गार असली की मण्यातलं आम्ल टिकतं, रंगही चांगला भरतो. यात धोका एकच, परतीचा पाऊस. पोंगा (डोळा फुटणं) ते फुलोरा या काळात पाऊस लागला तर डावणी हा बुरशीचा रोग घडावर येतो आणि पाच गुंठ्यांतला माल आठवड्यात जातो. फवारणीला रोज बागेत असणार असाल तरच लवकर छाटा.

खाण्याच्या द्राक्षाच्या सवयी इथं पूर्ण सोडायच्या. जीएचं डिपिंग, म्हणजे घड जिबरेलिक आम्लात बुडवणं, अजिबात नाही. खायच्या मालाला मणी फुगवायचा असतो, वाइनला लहान मणी हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालात असतो आणि लहान मण्यात रसाच्या मानानं साल जास्त. याच कारणानं शरद सीडलेससारख्या बिनबियाच्या काळ्या मालाची वाइन पातळ होते, अंग धरत नाही. दुसरी सवय पोटॅशची. मण्यात पाणी उतरल्यावर गोडी यावी म्हणून आपण ठिबकमधून आणि फवारून पोटॅश देतो. वाइनच्या बागेत ते माती आणि पानदेठ तपासल्याशिवाय देऊ नका. पोटॅशियम रसात उतरलं की टार्टारिक आम्ल बांधून टाकतं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा वर म्हणजे आंबटपणा कमी) वर जातो आणि मग वाइन फिकट, बेचव आणि लवकर नासणारी होते. उन्हाळी मुलखात हीच मोठी अडचण असते, साखर कमी पडणं ही नव्हे.

पानं काढायची तर घडाभोवतीची, फक्त पूर्वेच्या बाजूची. पश्चिमेची ठेवा, नाहीतर दुपारच्या उन्हानं मणी भाजतात. भुरी रोगासाठी गंधक मारत असाल तर तोडणीच्या किमान ४० दिवस आधी बंद. सालावर राहिलेल्या गंधकाचा आंबताना कुजक्या अंड्यासारखा वास होतो. बाकी औषधांचा तोडणीपूर्व काळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या तक्त्यात आहे, तो काटेकोर पाळा. औषधाचा अंश राहिला तर यीस्टही मरतं.

तोडणी ठरवताना एका घडाची चव घेऊन भागत नाही. बागेच्या सगळ्या ओळींतून, मांडवाच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-खालचे मिळून शंभर-दीडशे मणी घ्या, एकत्र चुरा, त्या रसाचा ब्रिक्स (साखरेचं माप) आणि पीएच मोजा. ब्रिक्स २३ ते २४, पीएच ३.६ च्या आत, आणि बी चावल्यावर कुडकुडीत, तपकिरी. ब्रिक्सला ०.५७ नं गुणलं की होणारा अल्कोहोल कळतो. २४ ला साधारण साडेतेरा टक्के. ब्रिक्स २३ असताना पीएच ३.७ कडं सरकू लागला तर गोडीची वाट बघू नका, तोडा.

तोडणी पहाटे सुरू करा, ऊन चढायच्या आत संपवा. क्रेटमध्ये १०-१२ किलोच भरा, नाहीतर तळाचे मणी दबून वाटेतच आंबायला लागतात. तडकलेला, कुजलेला, माशी बसलेला मणी बागेतच काढून टाका. व्हिनेगरचे जंतू तिथूनच येतात.

---

किण्वन_बेळगाव

वर अण्णांनी पाया घालून दिला आहे, पुढं सांगतो.

तुडवणं ठेवा. ती नुसती परंपरा नाही, पायाखाली मणी फुटतो पण बी फुटत नाही. बी फुटलं की कडू तेल आणि खरबरीत तुरटपणा उतरतो. म्हणूनच रसवंतीचा चरक किंवा मिक्सर कधीही वापरू नका. पाय नको असतील तर स्वच्छ लाकडी धुमसानं हलक्या हातानं दाबा. तुडवण्याआधी देठ आणि घडाच्या बारीक फांद्या (पाकळ्या) काढून टाका. पुढच्या वर्षी देठ तपकिरी पिकलेला असेल तर दहा टक्के घड अख्खे ठेवून बघा, पहिल्या वर्षी नको. लोखंड, जीआय, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ रसाला लागू द्यायचं नाही. स्टेनलेस किंवा फूड ग्रेड प्लास्टिक चालेल. निळी पिंपं घेताना आत आधी काय भरलं होतं ते विचारा. केमिकलचं पिंप कितीही धुतलं तरी नको.

४०० किलोतून देठ काढून साधारण ३७० लिटर लगदा होईल. ५०० लिटरच्या एकाच टाकीपेक्षा २०० लिटरची तीन पिंपं घ्या, प्रत्येकात १२५ लिटर. भांडं मोठं तितकी उष्णता आत कोंडते, आणि वरची मोकळी जागा सालांचा थर फुगण्यासाठी लागतेच.

आता यीस्ट. सालावर असतात ती बहुतेक दुबळी, जंगली यीस्टं, हान्सेनियास्पोरा वगैरे. ती सुरुवात झटपट करतात आणि चार-पाच टक्के अल्कोहोलला मरतात. नंतर सॅकरोमायसेसनं, म्हणजे वाइनच्या खऱ्या यीस्टनं, ताबा घ्यायचा असतो. थंड गावात ही अदलाबदल सावकाश, बिनबोभाट होते, शिवाय तिथल्या जुन्या पिंपांत-भिंतींत सॅकरोमायसेस मुरलेलं असतं. आपल्याकडं ३० अंशांत, नव्या पिंपात, त्या मधल्या काळात व्हिनेगरचे जंतू आणि जंगली यीस्ट मिळून इथाइल ॲसिटेट बनवतात. नेलपॉलिशसारखा वास येतो तो हाच, आणि एकदा आला की जात नाही.

मधला मार्ग आहे. तोडणीच्या पाच दिवस आधी बागेतले निवडक दहा किलो घड आणा, चुरा, सालासकट स्वच्छ बादलीत २४-२५ अंशांत आंबू द्या, दिवसातून चारदा ढवळा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास घ्या. फळाचा, ताज्या पावासारखा वास आणि जोरात फेस असेल तर हेच तुमचं विरजण, एका पिंपाला पाच लिटर. जराही झोंबरा वास आला तर सगळं फेकून द्या आणि वाइनचं कोरडं यीस्ट वापरा, १०० लिटरला २० ते २५ ग्रॅम. दहापट कोमट पाण्यात (३५ ते ४० अंश) पंधरा-वीस मिनिटं भिजवून मग थोडा-थोडा रस मिसळत घाला. थंड रसात एकदम ओतलं तर निम्मं मरतं. पहिल्या वर्षी दोन पिंपं विकतच्या यीस्टवर आणि एक विरजणावर, असं करा. पावाचं यीस्ट नको. ते बरेचदा अर्ध्या वाटेत थकतं आणि वाइन गोड राहून नासते.

तुम्ही ‘औषध’ म्हणालात त्या रसात घालायच्या गंधकाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आपल्या हवेत थोडं लागतंच. चुरल्याबरोबर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट १०० लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे लिटरला साधारण ५० मिलिग्रॅम सल्फर डायॉक्साइड. तीन पिंपांना मिळून ३३ ग्रॅम. थोड्या पाण्यात विरघळवून मिसळा आणि यीस्ट बारा तासांनी घाला. विरजणाच्या रसात मात्र घालू नका.

तापमान हाच खरा कामाचा भाग. आंबताना रस स्वतः तापतो, आणि २४ ब्रिक्सच्या रसात एवढी उष्णता असते की ती बाहेर पडायला वाव नसेल तर तापमान पंचवीस-तीस अंशांनी चढेल. लक्ष्य २५ ते २८. तिशीपुढं वास उडायला लागतो, ३५ ला यीस्ट थांबतं, आणि थांबलेलं पुन्हा चालू करणं फार अवघड. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, बाहेरून निर्जंतुक करून पिंपात बुडवा. अशी एक बाटली १२५ लिटरचं तापमान साधारण दोन अंशांनी उतरवते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका पिंपाला दिवसाला तीन-चार बाटल्या लागतील, तेव्हा फ्रीजरची सोय आधीच बघा. पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळून पंखा लावला तर कोरड्या हवेत चांगला फरक पडतो.

सालं वर येऊन थर धरतात. तो दिवसातून तीनदा खाली दाबायचा, रात्री एकदा तरी नक्की. थर कोरडा पडला की त्यावरच व्हिनेगर सुरू होतं, शिवाय सगळ्यात जास्त उष्णता त्या थरात असते, म्हणून थर्मामीटर थरात खोचून बघा, तळाच्या रसात नको. तोंडावर जाळीदार कापड घट्ट बांधा. चिलटं व्हिनेगरचे जंतू पायावर घेऊन फिरतात.

प्रगती हायड्रोमीटरनं, म्हणजे रसाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीनं, मोजा. एकदा अल्कोहोल झाला की ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर जास्त साखर दाखवतो आणि लोक उगाच थांबून राहतात. सुरुवात १.१०० च्या आसपास, सालापासून वेगळं करायचं ते १.००५ ला, बहुधा सातव्या ते नवव्या दिवशी. कुजक्या अंड्याचा वास आला तर यीस्टला नत्र कमी पडतंय: अन्नप्रतीचं डायअमोनियम फॉस्फेट १०० लिटरला २० ग्रॅम, अर्धं फेस सुरू होताच, अर्धं साखर एक तृतीयांश उतरल्यावर. खताच्या पोत्यातलं डीएपी चालत नाही. साखर निम्म्याखाली गेल्यावर घालूनही उपयोग नाही.

एक गोष्ट जिवाची. लिटरभर रसातून पन्नास लिटरच्या आसपास कार्बन डायॉक्साइड निघतो, म्हणजे एका पिंपातून सहा हजार लिटर. तो जड असतो, जमिनीलगत साचतो. बंद खोली, तळघर, विहिरीजवळचा खड्डा नको. दार-खिडकी उघडी आणि पंखा जमिनीजवळ हवा. दिवा विझतो का बघून आत जाण्यावर विसंबू नका, दिवा विझण्याआधीच ती हवा माणसाला घातक झालेली असते. आत कुणी पडलं तर धावत आत शिरू नका, आधी हवा मोकळी करा.

---

उतारावरची_बाग (हुक्केरी)

फार उपयोगाचं सांगितलंत. छाटणी अलीकडं घेतो. मुरवण्याबद्दल विचारायचं राहिलं. लाकडी पिंप परवडणारं नाही. खानापूरकडं चांगले रांजण मिळतात, जॉर्जियात मातीच्या भांड्यात करतात म्हणे. तसं चालेल का? आणि मुरवताना तरी गंधक टाळता येईल का?

---

खानापूर_मातीकाम

जॉर्जियाचं क्वेव्री आणि आपला रांजण यांत मोठा फरक आहे. क्वेव्री अंडाकृती, जाड, आतून मधमाशीचं मेण चोळलेलं आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं असतं. जमिनीत पुरल्यानं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. ही पद्धत युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१३ साली आली. आपला रांजण पाणी गार करतो तो झिरपतो म्हणूनच. पाण्यासाठी तो गुण, वाइनसाठी दोष. वाइन झिरपली की वर रिकामी जागा, तिथं हवा, आणि महिन्याभरात पांढरी साय.

करायचंच असेल तर जास्त तापमानाला भाजलेला, जाड काठाचा रांजण घ्या. पाणी भरून आठवडाभर ठेवा, किती उतरतं ते बघा. मग उन्हात खडखडीत वाळवून, सगळीकडून कोमट करून शुद्ध मधमाशीचं मेण पातळ चोळा. मेण भेगांत जिरलं पाहिजे, थर जमायला नको. झिलई दिलेलं भांडं नको, झिलईत शिसं असू शकतं आणि आम्ल ते ओढून घेतं. पहिल्या वर्षी यात वीस-तीस लिटरपेक्षा जास्त अडकवू नका.

---

किण्वन_बेळगाव

सहमत. बाकीचं स्टेनलेसच्या झाकणाच्या टाकीत किंवा काचेच्या मोठ्या बरण्यांत ठेवा, तोंडापर्यंत भरून, हवाबंद पाण्याच्या झडपेसह. ४०० किलोतून २५० लिटरच्या आसपास वाइन मिळेल, तेव्हा एक २०० लिटरचं भांडं आणि दोन-तीन लहान बरण्या असा हिशेब धरा, म्हणजे एक भरून उरलेलं दुसऱ्यात मावेल आणि भर घालायलाही राहील. अर्धं भरलेलं भांडं ठेवू नये. लाकडाची चव हवी तर भाजलेल्या ओकचे तुकडे लिटरला २ ग्रॅम, चार ते सहा आठवडे, दर आठवड्याला चाखून. तीस-चाळीस लिटरची लहान पिंपं विकत मिळतात ती टाळा. त्यांत लाकूड महिन्याभरात वाइनवर चढतं, आणि आपल्या कोरड्या एप्रिलमध्ये उडूनही फार जातं.

सालं दाबून वाइन वेगळी काढल्यावर दोन दिवसांनी जाड गाळ सोडून वरचं काढून घ्या. नंतर मॅलिक आम्लाचं लॅक्टिकमध्ये रूपांतर होऊ द्यायचं. मार्च-एप्रिलच्या उबेत ते आपोआप सुरू होतं, बारीक बुडबुडे दिसतात. ते संपेपर्यंत गंधक नाही. कागदी क्रोमॅटोग्राफीचा साधा संच मिळतो, त्यावर मॅलिकचा डाग नाहीसा झाला की संपलं समजा. अर्धवट सोडून बाटलीत भरलं तर बाटलीतच पुन्हा सुरू होतं, वायू धरतो आणि बूच सरकतं.

ते संपल्यावर मात्र गंधक घाला. किती, हे पीएचवर ठरतं. पीएच ३.५ असेल तर मोकळा सल्फर डायॉक्साइड लिटरला २५ ते ३० मिलिग्रॅम पुरतो. ३.८ असेल तर तेवढ्याच रक्षणाला ५० च्या वर लागतो. थोडक्यात, औषध कमी हवं असेल तर बागेत आणि चुरतानाच आम्ल सांभाळा. डोंगरी थंड गावातला माणूस कमी गंधकात भागवू शकतो तो त्याच्या रसाचा पीएच मुळात खाली असतो म्हणून.

मुरवण्याची खोली १८-२० अंशांत राहिली तर उत्तम. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली तर वर्षभराचं म्हातारपण एका महिन्यात येतं. जाड मातीच्या भिंतीची, उत्तरेकडची खोली शोधा, किंवा लहान वातानुकूलित कप्पा करा.

---

अथणी_बागायत

सुकवण्याचं राहिलं होतं. वाल्तेलिनात घड हवेशीर माळ्यावर थंडीत पसरतात, डिसेंबर उजाडायच्या आत चुरायला परवानगीच नाही. वजन एक तृतीयांशाच्या वर उतरतं, पण सावकाश आणि गार हवेत. बेदाण्याच्या शेडमध्ये मार्चच्या वाऱ्यात तोच प्रवास दोन-तीन आठवड्यांत होतो. फळाचा वास जाऊन शिजवलेल्या मनुकांचा येतो. ब्रिक्स तिशीपुढं गेला की अल्कोहोल सतरा टक्क्यांकडं जातो, यीस्ट वाटेतच बसतं, गोडवा उरतो आणि त्यावर जंतू वाढतात.

तरी बघायचंच असेल तर चाळीस-पन्नास किलो घ्या. बेदाण्यासारखं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट लावायचं नाही, गंधकाची धुरीही नाही. जाळीच्या क्रेटमध्ये एकच थर, शेडचा सगळ्यात खालचा, सावलीचा मजला, रात्री पंखा, दिवसा पडदे. वजन दहा ते पंधरा टक्के उतरलं की थांबा. रोज एकच ठरलेला क्रेट तोला. यासाठी माल २१-२२ ब्रिक्सलाच तोडा, म्हणजे आटल्यावर २५ च्या आसपास येईल आणि आम्लही शाबूत राहील.

---

निपाणी_हद्द

तांत्रिक चर्चा छान चालली आहे, कागदाचंही सांगतो. कर्नाटक अबकारी कायदा १९६५ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, विकणं तर आहेच. राज्याचं द्राक्षप्रक्रिया व वाइन धोरण २००७ चं आहे, त्याखाली लहान वाइनरीला काय लागू होतं ते जिल्हा अबकारी कार्यालयात लेखी विचारा, तोडणीच्या आधी, छाटणीच्या वेळीच. जागेचा नकाशा, पाणी तपासणी, अन्नसुरक्षा परवाना यांत महिने जातात. परवाना हातात येईपर्यंत रस काढू नका.

राज्याच्या हद्दीवर राहतो म्हणून आणखी एक. द्राक्षं कोगनोळीवरून पलीकडं महाराष्ट्रात गेली तर अडचण नाही. वाइन मात्र दोन राज्यांच्या दोन परवानग्यांशिवाय हलवता येत नाही, नमुन्याची बाटलीसुद्धा. इटलीत उरलेल्या चोथ्यापासून ग्राप्पा नावाची कडक दारू काढतात, आपल्याकडं भट्टी लावून दारू गाळणं हा वेगळा आणि गंभीर गुन्हा आहे. चोथा शेणात मिसळून कंपोस्टला घाला.

---

उतारावरची_बाग (हुक्केरी)

परवान्याचा अर्ज आधी करतो. शेवटचा प्रश्न: सगळं करूनही पीएच ३.८ आला तर टार्टारिक किती आणि कधी?

---

किण्वन_बेळगाव

चुरल्यावर, यीस्ट घालण्याआधी. लिटरला १ ग्रॅमनं पीएच साधारण ०.१ उतरतो, पण दर रसात फरक पडतो, म्हणून आधी एक-एक लिटरच्या तीन बरण्यांत १, २ आणि ३ ग्रॅम घालून ढवळा, तासाभरानं मोजा, आणि ३.६ च्या जवळ आणणारं प्रमाण पिंपाला लावा. तीनपुढं जाऊ नका, चव टोकदार होते. किराणा दुकानातलं लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक आम्ल, ते नको. जंतू त्याचं ॲसिटिक करतात. मीटर त्याच सकाळी ४ आणि ७ च्या बफरवर जुळवून घ्या, आणि रस मोजण्याआधी २५ अंशांवर येऊ द्या.